‘चालत नाही’पासून ‘असे चालले’पर्यंत : लिनक्स वापरणाऱ्यांच्या परस्पर-मदतीचा इतिहास

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीची नेहमीची देखभाल थांबवली. तिच्या पुढची आवृत्ती, विंडोज ११, बऱ्याच जुन्या संगणकांवर अधिकृतपणे बसत नाही; तिला नव्या पिढीचा प्रोसेसर आणि सुरक्षेसाठी ठरावीक क्षमतेची चिप लागते. शाळेतले असे संगणक भंगारात काढायचे की लिनक्स बसवून आणखी काही वर्षे चालवायचे, हा प्रश्न आज अनेक शिक्षकांपुढे आहे. लिनक्स विनामूल्य मिळते, ते जुन्या यंत्रावरही बऱ्यापैकी चालते, हे ऐकून माहीत असते. तरीही पहिली शंका येते ती अशी : ‘अडले तर विचारायचे कोणाला?’

शंका रास्त आहे. विकत घेतलेल्या वस्तूसाठी विक्रेता जबाबदार असतो. लिनक्सच्या काही आवृत्त्यांसाठी पैसे घेऊन सेवा देणाऱ्या कंपन्या आहेत खऱ्या, पण घरी किंवा शाळेत ते बसवणाऱ्या बहुतेकांना असा कोणी विक्रेता नसतो. असे असूनही अमेरिकेतील ‘इन्फोवर्ल्ड’ या संगणकविषयक साप्ताहिकाने १९९७ सालचा उत्कृष्ट तांत्रिक साहाय्याचा पुरस्कार दिला, तो कोणत्याही कंपनीला नव्हे, तर लिनक्स वापरणाऱ्यांच्या समुदायाला! ही मदतीची रीत कशी घडली, हे पाहण्यासाठी आपल्याला थोडे मागे जावे लागेल.

विक्रेत्याने हात वर केले तेव्हा

संगणक वापरणाऱ्यांनी एकमेकांना मदत करण्याची प्रथा लिनक्सपेक्षा जुनी आहे. १९५५ मध्ये अमेरिकेत आयबीएमचा ७०४ हा संगणक घेणाऱ्या संस्थांनी ‘शेअर’ नावाची संघटना स्थापन केली. प्रत्येकाने तेच तेच प्रोग्राम नव्याने लिहिण्यापेक्षा लिहिलेले वाटून घ्यावेत, हा साधा हिशेब त्यामागे होता.

१९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स प्रणालीच्या कामास आरंभ केला. तिची मालकी एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीकडे होती आणि १९५६ च्या एका न्यायालयीन तडजोडीमुळे या कंपनीला दूरध्वनीखेरीज इतर धंद्यात शिरण्यास मनाई होती. त्यामुळे कंपनीने युनिक्स विद्यापीठांना अल्प शुल्कात दिली, पण ‘मदत मिळणार नाही, चुका दुरुस्त करून मिळणार नाहीत’ हेही बजावले. प्रणालीबरोबर तिचा मूळ मजकूर, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेल्या सूचना, मिळत असल्यामुळे आत काय चालले आहे ते वाचता येत होते. परिणाम अपेक्षितच होता. १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात युनिक्स वापरणारे एकत्र जमले आणि सापडलेल्या चुका व त्यांवरचे उपाय एकमेकांना सांगू लागले. वरून मदत येणार नाही आणि आत डोकावण्यास मात्र मोकळीक आहे, अशा दोन गोष्टी जुळून आल्या की वापरणारे आपोआप एकत्र येतात. लिनक्सच्या बाबतीत पुढे हेच घडले.

दोन मेगाबाइटची अडचण

२५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने मिनिक्स नावाच्या छोट्या प्रणालीच्या वापरकर्त्यांना एक जाहीर संदेश पाठवला. आपण हौसेखातर एक प्रणाली लिहीत आहोत, तर मिनिक्समध्ये तुम्हाला काय आवडते आणि काय खटकते ते कळवा, असा त्याचा आशय होता. म्हणजे लिनक्सची जगाला पहिली ओळख झाली ती एका प्रश्नातून.

टोरवाल्ड्स यांनी लिहिला तो प्रणालीचा गाभा. त्याभोवतीची बरीच साधने रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातून तयार मिळाली. १९९१ च्याच अखेरीस जर्मनीतील एका वापरकर्त्याने अडचण कळवली. त्याच्या संगणकात फक्त २ मेगाबाइट स्मृती होती आणि तेवढ्या जागेत लिनक्सचा गाभा तयार करणारा प्रोग्राम चालत नव्हता. टोरवाल्ड्स यांच्या स्वतःच्या यंत्रात जागा पुरेशी होती. त्यांना ही अडचण कधी जाणवलीच नसती. तरीही त्यांनी नाताळाच्या सुमारास त्यावर उपाय लिहिला : स्मृतीत मावत नसलेला भाग तात्पुरता डिस्कवर ठेवायचा आणि लागेल तेव्हा परत आणायचा. एका माणसाच्या तक्रारीतून आलेली ही सोय पुढे सर्वांच्या कामी आली. चांगला प्रश्न विचारणारा मदत घेत असतो तशी देतही असतो, याचे हे पहिले ठळक उदाहरण.

पडद्याचे गणित

आज लिनक्स बसवणे अर्ध्या तासाचे काम आहे. १९९० च्या दशकात मात्र पडद्यावर चित्र आणणे हीच मोठी परीक्षा असे. त्या काळच्या काचेच्या नळीच्या मॉनिटरमध्ये इलेक्ट्रॉनांचा झोत डावीकडून उजवीकडे एकेक ओळ रेखाटत वरून खाली येई. हा झोत किती वेगाने फिरवायचा, ते आकडे वापरणाऱ्याला स्वतः एका फाइलमध्ये लिहावे लागत.

एक उदाहरण सोडवून पाहू. पडद्यावर १०२४ ठिपक्यांच्या ७६८ ओळी हव्या आहेत. प्रत्येक ओळीनंतर झोताला परत डावीकडे यायला वेळ लागतो. तो ३२० ठिपक्यांइतका धरला तर ओळीची एकूण लांबी १३४४ ठिपके होते. तसेच तळातून वर परतण्याचा वेळ ३८ ओळींइतका धरला तर एकूण ओळी ८०६. चित्रपत्र, म्हणजे मॉनिटरला संकेत पुरवणारे कार्ड, सेकंदाला ६ कोटी ५० लाख ठिपके पाठवत असेल तर ६,५०,००,००० ला १३४४ ने भागून सेकंदाला सुमारे ४८,३६३ ओळी मिळतात. त्यांना ८०६ ने भागले की सेकंदाला ६० चित्रे. ४८,३६३ हा आकडा मॉनिटरला पेलवला पाहिजे. जुना साधा व्हीजीए मॉनिटर सेकंदाला सुमारे ३१,५०० ओळीच रेखाटू शके. मर्यादेबाहेरचे आकडे दिले तर चित्र फाटे आणि काही जुने मॉनिटर कायमचे बिघडण्याचाही धोका असे.

हे आकडे मॉनिटरच्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर असत आणि पुस्तिका बहुधा हरवलेली असे. मग ज्याच्याकडे तोच मॉनिटर होता, त्याने जुळवलेले आकडे दुसऱ्याला कळवायचे. अशा टिपणांतूनच ‘हाऊ-टू’ नावाच्या छोट्या पुस्तिका तयार झाल्या. १९९२ च्या सुमारास मॅट वेल्श आणि सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या लिनक्स प्रलेखन प्रकल्पाने त्या गोळा केल्या. ध्वनी, छपाई, मोडेम अशा एकेका विषयावरची पुस्तिका नुकताच त्या अडचणीतून गेलेला कोणी तरी लिहीत असे. गावोगावी लिनक्स वापरणाऱ्यांचे गट निघाले. लोक आपला संगणक उचलून मेळाव्याला आणत आणि जाणकारांच्या मदतीने तेथेच लिनक्स बसवून घेत. आपल्याकडे पुण्यात असा गट निघाला. ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाने अंकासोबत लिनक्सच्या सीडी वाटल्या, तेव्हा भारतातील अनेकांना त्याची पहिली ओळख झाली. पुढे मॉनिटर आपल्या मर्यादा संगणकाला स्वतःच सांगू लागले आणि वरील आकडेमोड आपोआप होऊ लागली.

खोक्यावरचे नाव आणि चिपवरचा क्रमांक

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मोडेम स्वस्त झाले, पण त्यांचे बरेचसे काम यंत्राऐवजी विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्राम करी. लिनक्सवर असे मोडेम मुके राहत. ‘माझा अमुक कंपनीचा मोडेम चालत नाही’ अशा तक्रारींचा पाऊस पडला. मदत करणाऱ्यांच्या लवकरच लक्षात आले की कंपनीचे नाव निरुपयोगी आहे, कारण एकाच नावाच्या खोक्यात वेगवेगळ्या चिपा असू शकतात.

उपाय सोपा होता. संगणकात बसवलेले प्रत्येक पीसीआय कार्ड दोन क्रमांक सांगते : एक निर्मात्याचा, दुसरा त्या वस्तूचा. प्रत्येक क्रमांक १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ शक्यतांपैकी एक. निर्मात्याचा क्रमांक ८०८६ असेल तर तो इंटेलचा. १९७८ चा त्यांचा गाजलेला प्रोसेसरही याच क्रमांकाचा. एका छोट्या आज्ञेने हे क्रमांक पडद्यावर येतात. कोणता क्रमांक कोणत्या वस्तूचा, याची यादी वापरणाऱ्यांनीच भर घालत वाढवली आणि ती आजही वाढते आहे. म्हणूनच अनुभवी मदतनीस उत्तर देण्याआधी ‘ही आज्ञा द्या आणि काय उमटते ते कळवा’ असे म्हणतो. डॉक्टर औषध देण्यापूर्वी नाडी पाहतो, तसे हे आहे.

प्रश्न विचारण्याचे शास्त्र

लिनक्सचा प्रसार वाढला तसे नवखे वापरकर्ते वाढले आणि जुने वैतागू लागले. ‘आधी पुस्तिका वाचा’ हे उत्तर अनेकदा अपमानास्पद शब्दांत मिळे आणि कित्येक जण पहिल्या प्रश्नानंतर परत फिरकले नाहीत, हे नाकारता येत नाही. यावर दोन बाजूंनी विचार झाला.

विचारणाऱ्यासाठी ब्रिटिश प्रोग्रामर सायमन टॅथम यांनी १९९९ मध्ये चुका कशा कळवाव्यात यावर एक निबंध लिहिला. त्याचे सार असे : तुम्ही काय केले, काय व्हायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय झाले ते सांगा, चुकीचा संदेश जसाच्या तसा उतरवून घ्या, आणि तुम्ही पाहिलेले व तुम्हाला वाटलेले यांची सरमिसळ करू नका. आमच्यासारख्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना यात ओळखीचे काही दिसते. कृती, अपेक्षा, निरीक्षण आणि मग अनुमान, ही तर प्रयोगवहीचीच मांडणी झाली! दुसऱ्याला तोच प्रयोग करून तीच चूक घडवता आली, की निम्मे काम झालेले असते.

सांगणाऱ्याच्या बाजूनेही पावले पडली. १९९९ मध्ये डेब रिचर्डसन यांनी लिनक्स वापरणाऱ्या स्त्रियांसाठी ‘लिनक्सचिक्स’ हा गट काढला. त्याचे मूळ नियम दोनच : सभ्य राहा आणि मदत करा. २००४ मध्ये आलेल्या उबुंटू या सर्वसामान्यांसाठीच्या लिनक्सने तर वागणुकीची लेखी संहिताच स्वीकारली.

सांगणाऱ्याला काय मिळते?

पैसे नाहीत, नोकरी नाही, तरी लोक अनोळखी माणसासाठी वेळ का घालवतात? करीम लखानी आणि एरिक फॉन हिपेल या संशोधकांनी २००३ मध्ये यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. तो लिनक्सचा नव्हता. लिनक्सप्रमाणेच खुल्या असलेल्या अपाची या प्रोग्रामच्या वापरकर्त्यांचा होता. मदत करणाऱ्यांचा बहुतेक वेळ उत्तरे लिहिण्यात जातच नव्हता. तो इतरांचे प्रश्न आणि उत्तरे वाचण्यात जात होता. उत्तर आधीच माहीत असल्यामुळे ते लिहायला थोडीच मिनिटे लागत. एकूण श्रमांपैकी ९८ टक्के श्रमांतून मदत करणारा स्वतः काही शिकत होता. शिकवताना आपणच अधिक शिकतो, हा शिक्षकांचा रोजचा अनुभव येथे मोजून दाखवला गेला.

आपल्या लिपीचा प्रश्न

काही अडचणी अशा असतात की त्या कळवणारा माणूस विशिष्ट भाषेचाच असावा लागतो. मराठीत ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ हे दोन वेगळे शब्द आहेत. एकात गुरू आहे, दुसऱ्यात स्वयंपाकी. हिंदीत हा भेद नाही. पडद्यावर दोन्ही सारखेच उमटले तर दूरदेशीच्या प्रोग्रामरला त्यात काही चुकले असे वाटणारच नाही. असा दोष मराठी वाचणाऱ्यानेच दाखवायला हवा, आणि त्यासाठी प्रोग्राम लिहिता येण्याची गरज नाही. दोन्ही शब्द, अपेक्षित आकार आणि प्रत्यक्ष दिसलेला आकार एवढे कळवले की पुरे.

शाळांच्या बाबतीत केरळचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. तेथील सरकारी शाळांत लिनक्सवर आधारित प्रणाली वापरतात आणि शिक्षकांतूनच तयार झालेले प्रशिक्षक इतर शिक्षकांना मदत करतात. २०१९ मध्ये या प्रणालीची नवी आवृत्ती दोन लाखांहून अधिक संगणकांसाठी जाहीर झाली.

साठा टिकवायचा तर

अलीकडे पुष्कळ जण आपली अडचण संभाषण करणाऱ्या यंत्राला खासगीत विचारतात. उत्तर चटकन मिळते आणि कधी ते बरोबरही असते. पण अशा यंत्रांना शिकवताना वापरलेल्या मजकुरात माणसांनी तीस वर्षे उघड्यावर लिहून ठेवलेल्या प्रश्नोत्तरांचा मोठा वाटा आहे. नव्या यंत्राची नवी अडचण कोणी उघडपणे मांडलीच नाही, तर पुढच्याला ती सापडणार कोठून? जुनी उत्तरे शिळीही होतात. २००५ चा उपाय आजच्या संगणकावर नुकसान करू शकतो. म्हणून कोणाचीही आज्ञा, माणसाची असो वा यंत्राची, ती काय करते हे समजून घेतल्याशिवाय देऊ नये.

वर्गात एक उपक्रम करता येईल. संगणक-खोलीत एक वही टांगून ठेवावी. तिच्यात पाच रकाने आखावेत : तारीख, काय केले, काय अपेक्षित होते, काय झाले आणि शेवटी कशाने सुटले. पहिले चार रकाने विद्यार्थी लवकर भरू लागतात. पाचवा मात्र रिकामा राहतो, कारण काम झाले की माणूस निघून जातो. लिनक्सच्या जगातही हीच जुनी तक्रार आहे : ‘सुटले, आभार’ एवढेच लिहून लोक जातात आणि कसे सुटले ते सांगतच नाहीत. ‘विचारायचे कोणाला?’ या आपल्या शंकेचे उत्तर त्या पाचव्या रकान्यात असते. पुढचा अडलेला माणूस तोच रकाना उघडून पाहणार असतो.