बटाटा, पाव आणि मसूर : रक्तातल्या साखरेचा हिशोब कसा बदलत गेला

मागच्या वेळी आपण टोरंटोपर्यंत आलो होतो. १९२१ साली बॅंटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळं केलं आणि जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला ते टोचलं गेलं. त्याआधी मधुमेहावरचा मुख्य उपाय म्हणजे जवळजवळ उपाशी ठेवणं. इन्सुलिन आलं आणि रोग्याला जेवता येऊ लागलं. मग प्रश्न उभा राहिला : जेवायचं काय?

त्यावर बरीच वर्षं चाललेलं उत्तर सोपं होतं. साखरेचा रेणू लहान, म्हणून ती रक्तात चटकन जाते. पिष्ट, म्हणजे स्टार्च, ही ग्लुकोजची लांबलचक साखळी, म्हणून ते सावकाश पचतं. तेव्हा साखर बंद, भाकरी-भात-पाव मोजून. १९५० साली अमेरिकेत पदार्थांच्या अदलाबदलीच्या याद्या निघाल्या. कर्बोदकाचे ग्रॅम सारखे असले की एका धान्याऐवजी दुसरं चालेल, असा त्यांचा हिशोब होता.

हे प्रत्यक्ष मोजून पाहिलं डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. १९८१ मध्ये त्यांनी ६२ पदार्थांचे निकाल छापले. प्रत्येक पदार्थातून ५० ग्रॅम कर्बोदकं निरोगी माणसांना द्यायची, दोन तास रक्त तपासायचं आणि ग्लुकोजला १०० धरून तुलना करायची. हाच ग्लायसेमिक इंडेक्स. पांढरा पाव आणि भात साध्या साखरेच्याही वर निघाले! मसूर, राजमा मात्र खूप खाली. साखळी लांब असली तरी शिजून फुगलेलं पिष्ट पाचकरस भराभर तोडतात. कडधान्यात ते पेशींच्या भिंतींआड अडकलेलं असतं, म्हणून वेळ लागतो.

आता वेळेचा मुद्दा. स्टाउब आणि ट्राउगॉट यांनी १९२१-२२ च्या सुमारासच दाखवलं होतं, की ग्लुकोजचा एक डोस दिल्यावर थोड्या वेळाने दुसरा दिला तर साखर पहिल्याइतकी चढत नाही. १९८२ मध्ये जेन्किन्स यांच्या गटाने हेच जेवणात पाहिलं. सकाळी मसूर खाल्ला, तर चार तासांनंतरच्या जेवणानंतरही साखर कमी चढली. म्हणजे दुपारच्या ताटाचा परिणाम काही अंशी सकाळीच ठरतो.

इथे आपल्याला वाटेल, साखर हळू चढली की पोटही जास्त वेळ भरलेलं राहणार. जाँ मेयर यांनी १९५० च्या दशकात भुकेचा संबंध ग्लुकोजच्या वापराशी जोडला होताच. पण १९९५ मध्ये सिडनी विद्यापीठात सुझॅना होल्ट आणि सहकाऱ्यांनी ३८ पदार्थांचे २४० कॅलरींचे वाटे देऊन माणसांना भूक विचारली. पांढऱ्या पावाला १०० धरलं, तर सर्वांत वर आला उकडलेला बटाटा, ३२३! साखर भराभर चढवणारा पदार्थ पोट भरण्यात पहिला. कारण तेवढ्या कॅलरींचा बटाटा ताटात भरपूर दिसतो, पोटात जागाही भरपूर घेतो.

तेव्हा रक्तातली साखर आणि भूक हे दोन वेगळे हिशोब आहेत. आपल्या घरांत आजही ‘चहा बिनसाखरेचा घेतो’ म्हणत उपासाला साबुदाण्याची खिचडी वाढून घेतली जाते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. मधुमेह्याच्या ताटात फक्त साखर शोधणारी ती जुनी समजूत मोजमापाने १९८१ मध्येच मोडीत काढली. आपल्या बोलण्यातून मात्र ती अजून गेलेली नाही.