लाकडावर कोरलेली मिरची

मिरची अमेरिकेची, पोर्तुगीजांबरोबर ती आपल्याकडे आली, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. पण लिओनहार्ट फुक्स या जर्मन वैद्यानं १५४२ साली बासेलमध्ये वनस्पतींवरचा आपला लॅटिन ग्रंथ छापला, तेव्हा तिला हिंदुस्थानी ठरवून टाकलं. एका जातीचं जर्मन नाव तर त्यात चक्क ‘कालिकतची मिरी’ असं दिलंय! त्या ग्रंथाची प्रतिकृती चाळताना मला हसू आलं. मग आठवलं, आपणही ‘मिरची’ हा शब्द मिऱ्यावरूनच घडवला.

नाव चुकलं खरं, पण चित्र पाहा. कागदाच्या पांढऱ्यावर मुळापासून शेंड्यापर्यंत अख्खं झाड उभं आहे. मागे जमीन नाही, आभाळ नाही. फूल आणि फळ एकाच वेळी. वरचं एकही अक्षर न वाचता आपल्या बाजारातली भाजीवालीसुद्धा ते झाड ओळखील.

हे लाकडी ठशाचं काम. फळीवर चित्र उतरवायचं, रेघ तेवढी ठेवायची आणि भोवतालचं लाकूड सुरीनं काढून टाकायचं. उंच राहिलेल्या रेघेला शाई लागते. ठसा खिळ्यांच्याच उंचीचा असल्यानं मजकूर आणि चित्र एका दाबात छापता येतात. फुक्सच्या चित्रांत छटा जवळजवळ नाहीतच. छायाप्रकाशाचा खेळ करून चित्रकारांनी झाडाचं रूप झाकू नये, असा त्याचा आग्रह होता. प्रस्तावनेत त्यानं तसं लिहिलंय. मोकळ्या जागेत मग हातानं रंग भरता येई.

अर्थात हे रूपही सोळा आणे खरं नव्हे. एका रानवनस्पतीच्या चित्रात एकाच मुळावर पांढरी, पिवळी आणि जांभळी फुलं आहेत. वास्तविक त्या तीन निरनिराळ्या वनस्पती. बारा वर्षं आधी, १५३० मध्ये, ब्रुन्फेल्सच्या ग्रंथासाठी हान्स वाइडित्झनं कोमेजलेली, फाटकी पानंही जशीच्या तशी काढली होती. मला व्यक्तिशः तीच अधिक जिवंत वाटतात. पण औषधाचं झाड शोधायला निघालेल्या वैद्याच्या हाती मी फुक्सचंच पुस्तक दिलं असतं.

पाचशेहून अधिक चित्रांच्या या ग्रंथाच्या अखेरीस तीन माणसांची चित्रं आहेत, नावांसकट: झाड रेखाटणारा आल्ब्रेख्त मायर, ते फळीवर उतरवणारा हाइन्रिख फ्युलमाउरर आणि लाकूड कोरणारा फाइट रुडॉल्फ श्पेक्ले.