लसीचे कार्ड आणि बालमंदिर

स्मरणिकेसाठी काही लिहून द्या असे अध्यक्षाबाई म्हणाल्या, तेव्हा मी म्हटले, "माझी सातवी झालेली, मी काय लिहिणार?" त्या म्हणाल्या, "घरात जे घडले तेच लिहा." म्हणून लिहिते. यात चूक माझीच आहे, हे आधीच सांगून टाकते.

माझी नात तीन वर्षांची. लेक आणि जावई दोघेही कामावर जातात, म्हणून पोर माझ्याजवळ असते. तिला माँटेसरी शाळेत घालायचे ठरले. जन्माचा दाखला, फोटो, फीचे पैसे असे सगळे पिशवीत घालून मी गेले. तिथल्या बाईंनी लसीचे कार्ड मागितले. ते पाहून त्या शांतपणे म्हणाल्या, "दीड वर्षाचा रकाना कोरा आहे. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि बूस्टर राहिला आहे. तेवढे करून आणा, मग नाव लिहू."

मला फार राग आला. पोरीला अक्षरे शिकवायची तर टोचण्याचे काय काम, असे पुटपुटत मी घरी आले आणि सासूबाईंपुढे तणतणले. पण रकाना कोरा का होता, हे मला ठाऊक होते. आधीच्या लसीने पोर रात्रभर तापली होती. पुढच्या वेळी नर्सबाईंनी निरोप पाठवला तेव्हा मीच लेकीला म्हटले, "राहू दे, नंतर पाहू." ते नंतर काही आलेच नाही.

सासूबाईंनी सत्तरी ओलांडली आहे. त्यांच्या गालांवर देवीचे व्रण आहेत. इतकी वर्षे मी ते रोज पाहते, पण कधी विचारले नव्हते. त्या दिवशी त्या आपण होऊन बोलल्या.

"टोचणारा गावात आला का आमच्या मायनं आम्हा दोघा भावंडांले कोठीच्या मांगं दडवलं. त्यानं इचारलं, पोट्टे कुठं आहेत? माय म्हणे, मामाच्या गावाले गेले. दुसऱ्या साली देवी आल्या. मी वाचली. धाकटा गेला, तीन वर्षांचा होता. अवं सूनबाई, ताप तर उतरून जाते. माय मात्र मरेपर्यंत त्या कोठीकडं पाहे."

मी काहीच बोलले नाही. माझ्या नातीचेही वय तीनच.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन बाईंना खरे काय ते सांगितले. त्या रागावल्या नाहीत. उलट त्यांनी एक पुस्तक वाचायला दिले. त्यातून आणि पुढे इकडेतिकडे वाचून जे समजले ते भगिनींसाठी थोडक्यात देते.

मारिया माँटेसरी या मुळात डॉक्टर होत्या. त्यांचा जन्म इटलीत १८७० साली झाला. ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहरातल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले. आईबाप कामावर जात आणि मुले जिन्यांत भटकत. अशी तीन ते सात वर्षांची मुले तिथे गोळा केली. त्या घराचे नियम वाचून मला नवल वाटले. मुलाला स्वच्छ अंगाने आणि स्वच्छ कपड्यांत पाठवणे हे आईचे कर्तव्य होते. आठवड्यातून एकदा आईने येऊन बाईंना भेटावे, असाही नियम होता. मुलांची उंची आणि वजन ठराविक दिवशी लिहून ठेवीत, आणि डॉक्टर येऊन पाहून जात. म्हणजे शाळेने प्रकृतीची चौकशी करणे हे आजचे खूळ नव्हे. माँटेसरी पद्धतीचा पायाच तो आहे.

ही पद्धत आपल्याकडे रुजवली ती भावनगरच्या गिजुभाई बधेका यांनी. त्यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक पुढे तिथे त्यांना मिळाल्या. ताराबाई लग्नानंतर काही वर्षे आपल्या विदर्भातच, अमरावतीला होत्या. १९४५ साली त्यांनी बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडला नेले. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला होत्या. महागडी साधने परवडत नव्हती, म्हणून त्यांनी खडे, शिंपले, बिया यांवर मुलांना शिकवले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, हा त्यांचा मार्ग. शिकवण्याआधी मुलांना न्हाऊमाखू घालणे आणि नखे काढणे हे काम असे.

आपला वर्धाही यात मागे नाही. गांधीजी आणि माँटेसरीबाई १९३१ साली लंडनला भेटले होते. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि त्यातून नई तालीम निघाली. पुढे सेवाग्रामला लहान मुलांसाठी पूर्वबुनियादी शिक्षणाचे काम झाले. त्यातही स्वच्छता आणि आहार यांना पहिले स्थान होते.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. गांधीजींना देवीची लस मान्य नव्हती. पण त्यांच्याच सहवासात राहिलेल्या डॉक्टर सुशीला नायर यांनी सेवाग्रामात कस्तुरबा रुग्णालय उभे केले. १९६२ पासून १९६७ पर्यंत त्या देशाच्या आरोग्यमंत्री होत्या, आणि देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रमही १९६२ सालीच सुरू झाला. थोरांचा मान राखावा, पण अनुभवाने जे खरे ठरले ते घ्यावे.

आणखी एक गोष्ट वाचली, ती मनातून जात नाही. आपल्या देशात देवीची पहिली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत टोचली गेली. ॲना डस्टहॉल असे त्या मुलीचे नाव, आणि वय तीन वर्षे. तिच्या दंडावरच्या फोडातून लस घेऊन ती पुढे दुसऱ्या मुलांना दिली. तिथून निघालेले काम १७३ वर्षांनी संपले. देशातला देवीचा शेवटचा रोगी १९७५ साली सापडला आणि १९७७ साली देश देवीमुक्त जाहीर झाला. २०१४ साली देश पोलिओमुक्तही जाहीर झाला. गोवर मात्र गेलेला नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात मुंबईत त्याने लहान मुले दगावली. गोवर श्वासावाटे पसरतो. वीस मुले एका खोलीत खेळतात, तिथे एकाचा कोरा रकाना सगळ्यांच्या जिवावर बेतू शकतो. बाईंनी मला परत पाठवले ते यासाठी.

उपकेंद्रात लसीच्या दिवशी मी नातीला घेऊन गेले. उशीर झाला म्हणून ओरडा बसेल अशी भीती होती. पण नर्सबाई म्हणाल्या, "गोवर-रुबेलाची लस पाच वर्षांपर्यंत देता येते, बूस्टर सातपर्यंत. बरे झाले आणलेत." दोन्ही सुया एकाच दिवशी झाल्या. रात्री पोर तापली. सासूबाई उशाशी बसून होत्या. सकाळी ताप उतरला आणि पोर उठून दूध-पोळी मागू लागली.

आता ती रोज शाळेत जाते, स्वतःच्या चपला ओळीत ठेवते, आणि घरी आल्यावर हात धुतल्याशिवाय आम्हालाही ताटावर बसू देत नाही.

भगिनींनो, आपल्याकडे बहुतेक घरी लसीचे कार्ड लुगड्यांच्या घडीखाली पडलेले असते. येत्या हळदीकुंकवाला येताना आपापल्या घरचे कार्ड सोबत आणू या आणि एकमेकींचे रकाने पाहू या. ज्यांचा राहिला असेल त्यांनी लाजू नये. माझाही राहिला होता.