दारूवरील ओपीडी उपचार : पुढची तारीख चुकवू नका

दारू सोडण्यासाठी प्रत्येकाला व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर राहावे लागत नाही. मेडिकल कॉलेज किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत केसपेपर काढून, घरी राहून, कामावर जाऊनही उपचार घेता येतात. रोजंदारीवर चालणाऱ्या घरांना हाच मार्ग परवडतो. पण इथे दाराला कुलूप नसते. ठरल्या तारखेला माणूस परत येतो की नाही, यावरच बरेचसे अवलंबून राहते.

वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने मनानेच एकदम दारू तोडू नये. शेवटच्या पिण्यानंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. दोन ते चार दिवसांत भास होऊन माणूस बरळू लागला, तर ते जिवावर बेतू शकते. पूर्वी असे झालेल्यांनी सुरुवातीचे दिवस रुग्णालयातच काढावेत.

त्यानंतर ओढ कमी करण्यासाठी नाल्ट्रेक्सोन किंवा अ‍ॅकॅम्प्रोसेट देतात. डायसल्फिरामचे काम वेगळे. ती गोळी घेणारा दारू प्यायला की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब घसरतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. भाजीत गुपचूप गोळी मिसळणाऱ्या माउलीचा वैताग आम्ही समजू शकतो, पण त्यात जीव जाऊ शकतो. रुग्णाला सांगितल्याशिवाय ही गोळी देऊ नये.

उपचार मध्येच सुटतात ते मजुरी बुडते म्हणून, आता बरे वाटते म्हणून. आमच्या मते मात्र सर्वांत घातक कारण लाज हे आहे. मध्ये एकदा पिणे झाले, आता डॉक्टरांना तोंड कसे दाखवायचे? कार्यकर्त्यांनी इथे जपून बोलावे. पाचवे शील मोडले म्हणून विहारात चारचौघांत सुनावले, की तो विहारही टाळतो आणि ओपीडीही. प्यायला असला तरी त्याने तारखेला जावे, किती प्यायला ते खरे सांगावे. त्यावरून औषध किंवा समुपदेशन बदलता येते. पहिले तीन महिने वस्तीतला एखादा तरुण सोबत गेला, तरी मोठा आधार होतो.

व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस १४४१६ हे दोन्ही क्रमांक मोफत आहेत. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांनाही फी नसते.