महाराष्ट्रातील सार्वजनिक वाय-फाय सेवा

सार्वजनिक वाय-फाय सेवा म्हणजे चौक, उद्याने, रेल्वे स्थानके, शासकीय कार्यालये, ग्रामपंचायती अशा ठिकाणी शासनाने, स्थानिक स्वराज्य संस्थेने किंवा त्यांच्या वतीने एखाद्या कंपनीने नागरिकांसाठी उपलब्ध केलेली बिनतारी इंटरनेट जोडणी होय. ही सेवा बहुधा मोफत किंवा अत्यल्प दरात दिली जाते. महाराष्ट्रात पुणे, मुंबई व नागपूर या शहरांत आणि मेळघाटापासून सिंधुदुर्गापर्यंतच्या ग्रामीण भागात या सेवेचे वेगवेगळे प्रयोग झाले. इंटरनेट ही पाणी किंवा रस्त्यावरील दिव्यांप्रमाणे नगरपालिकेने पुरवायची सोय आहे की बाजारावर सोडायची वस्तू, हा या प्रयोगांभोवतीच्या वादाचा मूळ प्रश्न आहे. २०१६ नंतर मोबाईल डेटा स्वस्त झाल्याने शहरांत हा वाद बराच मावळला. जेथे मोबाईलची रेंजच पोहोचत नाही अशा डोंगराळ भागात मात्र तो अद्याप संपलेला नाही.

रचना

वाय-फायचे उपकरण स्वतः इंटरनेट निर्माण करत नाही. प्रकाशीय तंतूने (ऑप्टिकल फायबर) किंवा अन्य मार्गाने आलेली जोडणी ते आसपासच्या काही दशक मीटरांत, मोकळ्या जागेत फार तर शंभर मीटरांच्या आसपास, रेडिओ लहरींद्वारे वाटून देते. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील लहरींसाठी भारतात २००५ पासून परवाना लागत नाही. ५ गिगाहर्ट्झ पट्ट्याचा मोठा भाग २०१८ मध्ये परवानामुक्त झाला. त्यामुळे खांबावर पेटी बसवणे हा या व्यवस्थेतील तुलनेने स्वस्त भाग ठरतो. खरा खर्च खांबापर्यंत तंतू आणणे, बँडविड्थचे मासिक शुल्क, वीज आणि देखभाल यांवर होतो. दहा मेगाबिट क्षमतेची जोडणी एकाच वेळी पन्नास जणांनी वापरली, तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी एक पंचमांश मेगाबिट वेग येतो. सार्वजनिक वाय-फाय 'मंद चालते' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हाच हिशेब असतो.

सुरुवातीचे प्रयत्न

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराने २००४ मध्ये संपूर्ण शहरासाठी वाय-फायची योजना जाहीर केली आणि जगभरातील नगर प्रशासनांचे लक्ष या कल्पनेकडे वेधले गेले. अर्थलिंक या खासगी कंपनीने स्वखर्चाने जाळे उभारावे आणि ग्राहकांकडून शुल्क घ्यावे, अशी ती योजना होती. पुरेसे ग्राहक न मिळाल्याने २००८ मध्ये कंपनीने माघार घेतली. याच काळात पुणे महानगरपालिकेने इंटेल कंपनीच्या सहकार्याने शहर 'अनवायर' करण्याचा प्रकल्प हाती घेतला. शहरभर बिनतारी छत्र उभारण्याचे ते स्वप्न प्रत्यक्षात आले नाही. तेव्हा वाय-फाय असलेले मोबाईल संच दुर्मीळ होते, आणि लॅपटॉप घेऊन चौकात बसणारा नागरिक हा नियोजनकारांच्या कल्पनेतच अधिक होता.

सुरक्षाविषयक निर्बंध

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये साखळी बॉम्बस्फोट झाले. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांना आलेला ई-मेल नवी मुंबईतील सानपाडा येथील एका घरातील असुरक्षित वाय-फाय जोडणीवरून पाठवला गेल्याचे तपासात दिसून आले. दूरसंचार विभागाने फेब्रुवारी २००९ मध्ये वाय-फाय वापरकर्त्याची ओळख नोंदवणे बंधनकारक केले. छायाचित्र असलेल्या ओळखपत्राची प्रत घेणे किंवा मोबाईलवर पासवर्ड पाठवून तो क्रमांक ओळख म्हणून जपणे, असे दोन पर्याय देण्यात आले.

आज कोणत्याही सार्वजनिक हॉटस्पॉटवर येणारी ओटीपीची पायरी या निर्देशांतून आलेली आहे. तिचा एक परिणाम फारसा चर्चिला गेला नाही. ज्याच्याकडे मोबाईल क्रमांक नाही, किंवा ज्याच्या मोबाईलला त्या जागी रेंज नाही, त्याला ओटीपी मिळत नाही आणि मोफत वाय-फायही वापरता येत नाही. ज्यांच्यासाठी ही सेवा सर्वाधिक उपयोगी ठरली असती, त्यांच्यापैकी काहीजण त्यामुळे दारातच अडतात.

मुंबई

मुंबईत सार्वजनिक वाय-फाय प्रथम राजकीय आश्वासन म्हणून पुढे आले. २०१४ मध्ये दादरच्या शिवाजी पार्क परिसरात महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या पुढाकाराने मोफत वाय-फाय सुरू झाले. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर रेलटेल व गुगल यांची सेवा सुरू झाली. देशातील स्थानकांवरील या संयुक्त उपक्रमाचा आरंभ तेथूनच झाला.

राज्य शासनाची 'आपले सरकार मुंबई वाय-फाय' ही सेवा तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जानेवारी २०१७ मध्ये जाहीर केली. पहिल्या टप्प्यात ५०० हॉटस्पॉट सुरू झाले आणि १ मे २०१७ पर्यंत ही संख्या १,२०० करण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. चाचणीच्या काळात सुमारे २३ हजार वापरकर्त्यांनी नोंदणी केल्याचे शासनाने सांगितले. घोषणा महानगरपालिका निवडणुकीच्या तोंडावर झाली, ही टीका स्वाभाविकपणे झाली. शहराचे वाय-फाय शहराच्या महानगरपालिकेने नव्हे, तर राज्य शासनाने सुरू केले, ही बाब मात्र अधिक महत्त्वाची आहे. त्यामुळे बंद पडलेल्या हॉटस्पॉटबाबत नगरसेवकाला जाब विचारण्याची सोय मुंबईकरांना राहिली नाही.

पुणे आणि नागपूर

केंद्राच्या स्मार्ट सिटी अभियानाने (२०१५) वाय-फायला नवे निमित्त मिळवून दिले. पुण्यात २०१८ मध्ये पुणे स्मार्ट सिटी, लार्सन अँड टुब्रो, रेलटेल व गुगल यांच्या सहभागातून सुमारे १५० ठिकाणी 'गुगल स्टेशन' सेवा सुरू झाली. फेब्रुवारी २०२० मध्ये गुगलने हा उपक्रम जगभर गुंडाळण्याचे जाहीर केले. भारतातील मोबाईल डेटाचे दर पाच वर्षांत सुमारे ९५ टक्क्यांनी घसरले असून मोफत सेवा टिकाऊ रीतीने चालवणे कठीण असल्याचे कारण कंपनीने दिले. रेल्वे स्थानकांवरील सेवा रेलटेलने स्वतःकडे चालू ठेवली. २०२१ पासून पहिली तीस मिनिटे मोफत आणि त्यापुढे अधिक वेगासाठी शुल्क, अशी व्यवस्था तिने आणली.

नागपूरच्या सुरक्षित व स्मार्ट शहर प्रकल्पात १,२०० किमी लांबीचे तंतूजाल, सुमारे ३,८०० देखरेख कॅमेरे आणि १३६ वाय-फाय हॉटस्पॉट यांचा समावेश होता. कॅमेरे व हॉटस्पॉट यांच्या या संख्यांवरून प्रकल्पाचा प्राधान्यक्रम स्पष्ट होतो. जाळे मुख्यतः पोलिसांच्या देखरेखीसाठी विणले गेले आणि उरलेल्या क्षमतेवर नागरिकांचे वाय-फाय बसवले गेले. आर्थिकदृष्ट्या ही रचना शहाणपणाची आहे, कारण तंतूचा खर्च दोनदा होत नाही. मात्र एकाच खांबावरून नागरिकाचा चेहरा आणि त्याचा मोबाईल क्रमांक या दोहोंची नोंद होऊ शकते.

वादाचे मुद्दे

कायद्याने महानगरपालिकेवर ही सेवा देण्याची सक्ती नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मध्ये बंधनकारक व ऐच्छिक अशी कर्तव्ये वेगळी सांगितलेली आहेत, आणि इंटरनेटचा समावेश बंधनकारक कर्तव्यांत नाही. संविधानाच्या बाराव्या अनुसूचीतील अठरा विषयांतही दूरसंचार नाही. तो संघसूचीतील विषय आहे. पाणीपुरवठा, मलनिस्सारण व रस्ते ही बंधनकारक कामे अपुरी असताना ऐच्छिक सोयीवर पैसा का खर्चावा, हा विरोधकांचा प्रश्न आहे. समर्थक त्याला ग्रंथालयाच्या उदाहरणाने उत्तर देतात. वाचनालय चालवणे हेही पाण्याइतके निकडीचे नाही, तरीही अनेक नगरपालिकांनी ते चालवले. प्रवेशअर्ज, शिष्यवृत्ती, शिधापत्रिका व सातबारा उतारा ऑनलाइन झाल्यावर इंटरनेटची निकड वाचनालयाहून अधिक आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. या बाजूला न्यायालयीन आधारही काही प्रमाणात मिळाला. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये इंटरनेट उपलब्धता शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काशी जोडली. जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने इंटरनेटद्वारे होणाऱ्या अभिव्यक्तीला व व्यवसायाला संविधानाचे संरक्षण असल्याचे म्हटले. मात्र इंटरनेट मोफत पुरवण्याचे कर्तव्य या निकालाने शासनावर टाकलेले नाही.

दूरसंचार कंपन्यांचा आक्षेप समान संधीचा आहे. स्पेक्ट्रमसाठी मोठी रक्कम आणि परवाना शुल्क भरणाऱ्या कंपन्यांना परवानामुक्त लहरींवर चालणाऱ्या सेवेशी स्पर्धा करावी लागते, अशी त्यांची तक्रार आहे. महानगरपालिकेच्या बाबतीत हा आक्षेप अधिक टोकदार होतो. रस्ते खोदण्याची परवानगी देणारी व खोदाई शुल्क ठरवणारी संस्थाच स्पर्धक झाली, तर ती परवानगी निःपक्षपातीपणे देईल काय, असे विचारले जाते. उलट बाजूने भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या (ट्राय) मार्च २०१७ मधील शिफारशींचा दाखला दिला जातो. त्यांत वाय-फायवरून एका मेगाबाइटचा खर्च दोन पैशांहून कमी येऊ शकतो, तर मोबाईल जाळ्यावर ग्राहक सरासरी २३ पैसे देतो, असा अंदाज होता. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर हे अंतर इतक्या वेगाने मिटले की शिफारशी अंमलात येईपर्यंत त्यांतील दरांचा युक्तिवाद शिळा झाला होता.

खासगीपणाचा मुद्दा भारतात उशिरा आला. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर मोफत सेवेच्या बदल्यात जमा होणारे मोबाईल क्रमांक, वेळ व ठिकाणांच्या नोंदी कोणाच्या ताब्यात राहतात, हा प्रश्न विचारला जाऊ लागला. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला.

हरिसाल

अमरावती जिल्ह्याच्या धारणी तालुक्यातील, मेळघाटातील हरिसाल हे गाव २०१६ मध्ये राज्य शासन व मायक्रोसॉफ्ट यांच्या सहकार्याने देशातील पहिले 'डिजिटल गाव' म्हणून पुढे आणले गेले. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत राज ठाकरे यांनी आपल्या सभांमधून हरिसालच्या प्रत्यक्ष स्थितीची चित्रफीत दाखवली आणि शासकीय जाहिरातीत झळकलेल्या तरुणाला व्यासपीठावर आणले. भारतीय जनता पक्षाने हे आरोप फेटाळले. महाराष्ट्रात सार्वजनिक इंटरनेट सेवा निवडणुकीच्या प्रचाराच्या मध्यभागी येण्याचा हा ठळक प्रसंग होता. चर्चा मात्र गावाला इंटरनेट द्यावे की नाही यावर झाली नाही. दिलेले इंटरनेट चालू आहे का, एवढाच त्यातला वाद होता.

कोकण व सिंधुदुर्ग

सिंधुदुर्ग जिल्ह्यात शहरांच्या आकाराची वस्ती नाही. कणकवली तालुक्यातील फोंडाघाट हे देवगड–निपाणी मार्गावरील, सह्याद्रीच्या पायथ्याचे गाव या भूगोलाचे चांगले उदाहरण आहे. गावाच्या मागे घाट चढून दाजीपूर–राधानगरीकडे जातो. सह्याद्रीच्या सोंडा व दाट झाडी यांमुळे अशा भागात एका मनोऱ्याची लहर शेजारच्या वाडीपर्यंत पोहोचत नाही. वाड्या विखुरलेल्या असल्याने ग्रामपंचायत कार्यालयातील एक हॉटस्पॉट गावाचा फार थोडा भाग व्यापतो, आणि जांभ्या दगडाची जाड भिंत आली की तोही क्षीण होतो. शहरातील चौकाचे गणित येथे लागू पडत नाही.

कोकण रेल्वेने २०१७ मध्ये कोलाड ते मडुरे या पट्ट्यातील २८ स्थानकांवर मोफत वाय-फाय सुरू केले. त्याचा लाभ प्रवाशांना झाला. स्थानके गावांपासून दूर असल्याने ग्रामस्थांना तो मर्यादितच राहिला. ग्रामपंचायतींपर्यंत तंतू नेण्याचे काम केंद्राच्या राष्ट्रीय प्रकाशीय तंतूजाल प्रकल्पातून (२०११, पुढे भारतनेट) आणि राज्याच्या महानेटमधून झाले. तंतू पंचायतीच्या दारापर्यंत येणे आणि तेथून घरोघरी सेवा मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे करोनाकाळात उघड झाले. २०२० च्या टाळेबंदीत कणकवली तालुक्यातील एका विद्यार्थिनीने डोंगरावर रेंज मिळते तेथे खोपी उभारून पावसाळ्यात ऑनलाइन वर्गांना हजेरी लावल्याची बातमी देशभर गाजली.

देखभालीचा प्रश्न कोकणात अधिक बिकट आहे. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात जिल्ह्यातील वीजपुरवठा व मोबाईल सेवा मोठ्या प्रमाणावर खंडित झाली. वीज गेल्यावर बॅटरी नसलेला हॉटस्पॉट तत्काळ बंद पडतो, म्हणजे गरज सर्वाधिक असते तेव्हाच तो उपयोगी पडत नाही.

पीएम-वाणी

डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या पीएम-वाणी योजनेने शासनचालित सेवेचा आग्रह सोडून दिला. किराणा दुकानदार, चहाची टपरी किंवा ग्रामपंचायत यांपैकी कोणीही परवाना, नोंदणी वा शुल्काविना 'पब्लिक डेटा ऑफिस' उघडू शकते. हे नाव एकेकाळच्या पिवळ्या पाटीच्या एसटीडी-पीसीओवरून मुद्दाम घेतलेले आहे. २०१८ च्या राष्ट्रीय डिजिटल संपर्क धोरणात २०२२ पर्यंत एक कोटी हॉटस्पॉटचे लक्ष्य होते. पीएम-वाणीखालील संख्या २०२४ मध्ये तीन लाखांच्याही आत होती.

पीसीओचालकाला दर कॉलमागे दलाली मिळत असे आणि जोडणीचा भार त्याच्यावर नसे. पब्लिक डेटा ऑफिसच्या चालकाला मात्र सेवा पुरवठादार घरगुती दराऐवजी कितीतरी महागड्या व्यावसायिक जोडणीची अट घालत होते. ट्रायने जून २०२५ मध्ये यावर मर्यादा आणली. २०० मेगाबिटपर्यंतच्या जोडणीसाठी अशा चालकांकडून घरगुती ग्राहकाच्या दराच्या दुपटीहून अधिक आकार घेता येणार नाही, असे या आदेशाने ठरवले.