फिरवलेल्या निकालांचा हिशेब

२१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातल्या बाराही आरोपींना निर्दोष ठरवलं. २०१५ साली विशेष मकोका न्यायालयाने त्यांतल्या पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली होती. बारांपैकी एक जण २०२१मध्ये नागपूरच्या तुरुंगात असताना कोरोनाने गेला. म्हणजे निर्दोषत्व मिळालं तेव्हा ते घ्यायला तो हयात नव्हता. राज्य सरकार लगेच सर्वोच्च न्यायालयात गेलं. २४ जुलैला त्या न्यायालयाने सांगितलं की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये; मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात जायला सांगितलं नाही.

कायद्याच्या संशोधकांच्या तक्त्यात या सगळ्याची नोंद एका शब्दात होते : ‘फिरवला’. खालच्या कोर्टाचे शंभर निकाल वर गेले, त्यातले किती फिरवले गेले, हे प्रमाण मोजण्याची आता मोठी विद्या झाली आहे. वैद्यकशास्त्रातही तसंच प्रमाण काढतात. वर्षानुवर्षं चालत आलेले उपचार नव्या चाचणीत किती टिकले आणि किती उलटे पडले, हे तिथे मोजलं जातं. आकडा मोठा निघाला की बातमी होते आणि लोक म्हणतात, बघा, व्यवस्था सडली. छोटा निघाला की सरकार म्हणतं, सगळं ठीक आहे. दोघंही घाई करतात. हा आकडा नेमकं काय सांगतो, हे त्याच्या इतिहासातून पाहावं लागतं.

कायद्यातला सर्वांत गाजलेला आकडा अमेरिकेतला आहे. १९९१ साली तिथल्या सिनेटच्या न्यायविषयक समितीच्या अध्यक्षांनी कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स लीबमन यांना एक साधा प्रश्न विचारला : फाशीच्या किती शिक्षा वरच्या कोर्टात टिकत नाहीत? उत्तर यायला नऊ वर्षं लागली. जून २००० मध्ये लीबमन आणि सहकाऱ्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. १९७३ ते १९९५ या काळात अपिलाचे सगळे टप्पे एकत्र धरले, तर फाशीच्या शिक्षांमधलं गंभीर चुकीचं प्रमाण ६८ टक्के निघालं. म्हणजे तीनातल्या दोन शिक्षा टिकल्या नाहीत. टीकाकारांचं म्हणणं होतं की फिरवला म्हणजे चुकला असं नव्हे. वरचं कोर्ट उदार असेल तर ते चांगले निकालही फिरवेल. लीबमन यांनी यासाठी पुढचा टप्पाही पाहिला होता. फेरसुनावणीत काय झालं हे जिथे कळत होतं, त्या प्रकरणांत ८२ टक्के लोकांना फाशीपेक्षा कमी शिक्षा झाली आणि ७ टक्के निर्दोष ठरले. टीका त्याने पूर्ण संपत नाही, पण तिची धार बरीच कमी होते.

आता याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचा आकडा घ्या. ते ऐकतं त्या प्रकरणांपैकी साधारण दोन-तृतीयांश निकाल फिरवतं. त्यावरून खालची कोर्टं दोन-तृतीयांश वेळा चुकतात असं कोणी म्हणेल, तर ते चूक ठरेल. कारण ते न्यायालय हजारो अर्जांतून मोजकीच प्रकरणं स्वतः निवडतं, आणि जिथे काही बिघडलं आहे असं वाटतं तिथेच हात घालतं. वैद्याकडे आजारी माणसंच येतात. त्याच्या ओट्यावरची गर्दी मोजून गावाची तब्येत सांगता येत नाही.

भारतात फाशीच्या बाबतीत ही अडचण बरीचशी नाही. सत्र न्यायालयाने दिलेली प्रत्येक फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही, मग आरोपीने अपील करो वा न करो. त्यामुळे ‘कोण वर गेलं’ हा प्रश्नच उरत नाही, सगळेच जातात. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा २०१६चा फाशीविषयक अहवाल म्हणून मला महत्त्वाचा वाटतो. शतकाच्या पहिल्या दीड दशकात खालच्या कोर्टांनी दिलेल्या ज्या फाशींचा निकाल वर लागला, त्यांतल्या पाच टक्क्यांहून कमी टिकल्या. सुमारे तीस टक्के लोक तर चक्क निर्दोष सुटले. हे शिक्षा सौम्य होणं नव्हे; त्यांनी गुन्हा केल्याचं सिद्धच झालं नाही. याच अहवालाने दाखवलं की फाशीच्या कोठडीतले जवळपास तीन-चतुर्थांश कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बळ घरातले होते.

या आकड्यात बसणारं एक नाव अक्षरधाम. २००२ साली गांधीनगरच्या मंदिरावर हल्ला झाला, तीसहून अधिक माणसं मेली. २००६मध्ये पोटा न्यायालयाने तिघांना फाशी दिली, २०१०मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि १६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही आरोपींना निर्दोष सोडलं. तपासावर न्यायालयाने कडक शब्दांत ताशेरे ओढले. त्याच दिवशी लोकसभेचे निकाल लागत होते, त्यामुळे ही बातमी किती जणांनी पाहिली असेल ते वेगळं सांगायला नको. इथे एक गोष्ट लक्षात घ्या : मधल्या कोर्टाने निकाल कायम केला होता. २०१३मध्ये कोणी तक्ता केला असता तर अक्षरधाम ‘टिकलेला निकाल’ म्हणून नोंदला गेला असता. हल्ल्यात मेलेल्यांच्या नातेवाइकांना तर दोन्ही तक्त्यांतून काहीच मिळत नाही; खरे साथीदार कोण, हे त्यांना अजून कळायचं आहे.

वैद्यकाकडे वळू. अबू बक्र अल-राझी (मृत्यू इ.स. ९२५) हे बगदादच्या रुग्णालयाचे प्रमुख होते. त्यांनी गॅलनवर शंका उपस्थित करणारा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ज्याच्या ग्रंथांवर सगळी वैद्यकी उभी होती, त्याच्याच चुका काढणं हे त्या काळी धाडस होतं. त्यांच्या ‘अल-हावी’ या टिपणसंग्रहात सरसाम, म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या दाहाची लक्षणं असलेल्या रुग्णांबद्दल एक नोंद आहे. एका गटाचं रक्त काढलं आणि दुसऱ्या गटाचं मुद्दाम काढलं नाही, तुलना करता यावी म्हणून. आपल्याकडे या नोंदीचा अभिमानाने उल्लेख होतो, आणि व्हायलाही हवा. पण बहुतेक जण पुढचं सांगत नाहीत : राझींचा निष्कर्ष रक्त काढण्याच्या बाजूने होता. पद्धत बरोबर, उत्तर टिकलं नाही. १८३५मध्ये पॅरिसमध्ये पिएर लुई यांनी न्यूमोनियाचे रुग्ण मोजून दाखवलं की रक्त काढण्याचा फायदा समजला जातो तेवढा नाही. राझींची तुलना आणि लुईंची मोजणी एकाच वाटेवरच्या आहेत. उत्तर फिरलं म्हणून वाट चुकीची ठरत नाही.

विसाव्या शतकातलं उदाहरण जास्त बोचरं आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांच्या हृदयाचे ठोके मध्येच चुकतात आणि असे रुग्ण अचानक मरतात, हे डॉक्टरांना माहीत होतं. मग ठोके नियमित करणारी औषधं दिली तर जीव वाचतील, हा तर्क सरळ होता. औषधं दिली, ईसीजी सुधारला, सगळे खूश. अमेरिकेत ‘कास्ट’ नावाच्या चाचणीत ती औषधं डमी गोळीशी ताडून पाहिली, तेव्हा १९८९मध्ये त्यातली दोन औषधं थांबवावी लागली. १९९१मध्ये आलेले आकडे असे : औषध घेतलेल्या ७५५ जणांपैकी ६३ मेले, डमी गोळी घेतलेल्या ७४३पैकी २६. ठोके नीट झाले, माणसं जास्त मेली.

अशा उलथापालथी मोजायचं काम विनय प्रसाद, ॲडम सिफू आणि सहकाऱ्यांनी केलं. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधले २००१ ते २०१० या दहा वर्षांतले २०४४ लेख त्यांनी चाळले. त्यातले ३६३ लेख रुळलेल्या उपचारांची परीक्षा घेणारे होते. १४६ लेखांत तो उपचार उलटा पडला, १३८ लेखांत टिकला. २०१३मध्ये हे छापून आलं आणि ‘४० टक्के वैद्यक चुकीचं’ असे मथळे झळकले. पण १४६ ला भागायचं ते ३६३ ने; सगळ्या वैद्यकाने नव्हे. ज्या उपचाराबद्दल कोणाला तरी शंका आली त्याचीच चाचणी होते. इथेही वैद्याच्या ओट्यावरची गर्दीच मोजली गेली आहे. लेखकांनी स्वतः तसा दावा केला नव्हता, तो वर्तमानपत्रांनी केला. मला त्या अभ्यासात जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की दहा वर्षांत दोन हजारांवर लेखांतले फक्त ३६३ जुन्या उपचारांकडे वळून पाहत होते. बाकीच्यांचं लक्ष मुख्यतः नव्याकडे होतं.

निकाल फिरवण्याबद्दल इस्लामी न्यायशास्त्राने फार आधी विचार केला होता. हजरत उमर (रजि.) यांच्यापुढे वारशाचं एक प्रकरण आलं. एक बाई नवरा, आई, आईकडून सावत्र भाऊ आणि सख्खे भाऊ मागे ठेवून वारली. कुरआनने ठरवलेले हिस्से वाटल्यावर सख्ख्या भावांना काहीच उरत नव्हतं आणि उमर यांनी तसाच निकाल दिला. पुढे तशाच प्रकरणात सख्ख्या भावांनी युक्तिवाद केला : आमचा बाप गाढव होता असं समजा हवं तर, पण आई तर तीच ना! उमर यांनी त्यांना सावत्र भावांच्या हिश्शात सामील केलं. कोणी आधीच्या निकालाची आठवण दिली, तेव्हा त्यांच्या उत्तराचा आशय असा होता की तो निकाल तेव्हाच्या मताप्रमाणे, हा आताच्या. फकिहांनी यातून तत्त्व काढलं की एक इज्तिहाद दुसऱ्या इज्तिहादने रद्द होत नाही. काझीचा निकाल फिरवायचा तर तो स्पष्ट वचनाच्या किंवा इज्माच्या विरुद्ध असल्याचं दाखवावं लागतं. म्हणजे मत बदललं आणि चूक झाली, या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या. आजच्या तक्त्यांत दोन्ही एकाच रकान्यात पडतात.

आणि काही निकाल कोर्ट फिरवतच नाही. १८९४ साली अबुल फता महोमद इशाक यांच्या खटल्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ठरवलं की कुटुंबासाठी केलेला वक्फ, ज्यात गरिबांचा हिस्सा फार लांब, वंश संपल्यावर येतो, तो धर्मादाय नाही, म्हणून अवैध. निकाल लॉर्ड हॉबहाउस यांचा. आपल्या मुलाबाळांवर खर्च करणं हेही पुण्यच आहे, ही शरियतची भूमिका त्यांना पटली नाही. दोन वर्षं आधी कलकत्ता उच्च न्यायालयात न्या. अमीर अली यांनी नेमकी तीच भूमिका भिन्नमत नोंदवून मांडली होती, पण ते एकटे पडले. हा निकाल फिरवायला वर कोर्टच नव्हतं. मग शिब्ली नोमानी यांच्यासारख्या उलेमांनी मोहीम उभारली, मुंबईच्या मुसलमानांचे प्रतिनिधी म्हणून निवडून गेलेल्या जिनांनी १९११मध्ये केंद्रीय विधिमंडळात विधेयक मांडलं आणि १९१३मध्ये कायदा झाला. तरी पेच उरलाच. हा कायदा जुन्या वक्फांना लागू नाही, असं प्रिव्ही कौन्सिलने १९२२मध्ये म्हटलं, आणि ते दुरुस्त करायला १९३०चा वेगळा कायदा लागला. छत्तीस वर्षं. अपिलांच्या हिशेबात १८९४चा निकाल मात्र आजही ‘न फिरवलेला’ आहे.

मालेगावचं काय करायचं, ते मला कळत नाही. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बरातच्या दिवशी, मशीद आणि कब्रस्तानाच्या परिसरात स्फोट झाले आणि पकडले गेले नऊ मुसलमानच. पाच वर्षांनी, नोव्हेंबर २०११मध्ये, त्यांना जामीन मिळाला, आणि एप्रिल २०१६मध्ये विशेष न्यायालयाने हयात असलेल्या आठ जणांना आरोपमुक्त केलं. त्यांना कोणत्याही कोर्टाने कधी दोषी ठरवलंच नव्हतं, त्यामुळे वरच्या कोर्टाने फिरवावा असा निकालही नव्हता. अपिलांच्या तक्त्यात त्या पाच वर्षांसाठी रकाना नाही.