पंखा डायरेक्ट

"फॅन डायरेक्ट करून टाकू की साहेब, परत टेन्शनच नाही." हे वाक्य ऐकलं नाही असा जुन्या गाडीचा मालक सोलापुरात सापडणं अवघड. आमच्या बाबांच्या गाडीचंही तेच झालं. (गाडी कुठल्या कंपनीची ते जाऊ दे, चूक आमचीच होती.) मे महिन्यात सात रस्त्याला थांबलं की काटा लालकडे सरकायचा. मोहोळच्या रस्त्याला लागलं की आपोआप खाली यायचा. मिस्त्रीने दोन वायरी जोडल्या, आणि चावी फिरवली की पंखा सुरू व्हायला लागला. काटा जागेवर. बाबा खूश, मीही खूश.

त्या दोन वायरींनी आपण नेमकं काय काढून टाकलं, हे मला बरंच नंतर कळलं. त्यासाठी जरा मागे जावं लागतं.

सुरुवातीला गाडीचं पाणी थंड करायची भानगडच नव्हती. कार्ल बेंझच्या १८८६ च्या गाडीत पाणी उकळायचं, वाफ होऊन उडून जायचं, आणि आपण परत भरायचं. १८८८ मध्ये त्याची बायको बर्था मानहाइमहून फोर्त्सहाइमला शंभरेक किलोमीटर गेली ती वाटेत ठिकठिकाणी पाणी भरतच. मग १९०१ च्या मर्सिडीजसाठी विल्हेल्म मायबाखने मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. आठ हजारांहून जास्त बारीक नळ्या, आणि मागे एक पंखा. पंखा कशाला? तर गाडी पळत असताना वारा आपसूक मिळतो, हळू चालली की मिळत नाही. म्हणजे पंखा मुळात सात रस्त्यासाठीच जन्माला आला म्हणा ना!

गोम अशी की पुढची साठेक वर्षं बहुतेक गाड्यांत हा पंखा इंजिनच फिरवायचं, पट्ट्यावर. गाडी थांबली की इंजिन मंद, म्हणून पंखाही मंद. नेमका जेव्हा हवा तेव्हाच सुस्त. सॉफ्टवेअरवाल्यांना हे दुखणं ओळखीचं वाटेल.

आता यात सोलापूर कुठे येतं? वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ मध्ये आपल्या सोलापुरात झाला. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, आणि पुढे तिथेच फियाट ११०० बनायला लागली. वालचंद १९५३ मध्ये गेले. १९६४ पासूनची ११०० डी म्हणजेच १९७४ नंतरची पद्मिनी. तिचं १०८९ सीसीचं इंजिन थेट १९३७ च्या फियाट ५०८ सी च्या घराण्यातलं, आणि त्या गाडीमागचा माणूस दान्ते जियाकोसा. अर्थात पंखा पट्ट्यावर. पण त्या पंख्याचा एक मोठा गुण होता: सगळं डोळ्यांना दिसायचं. पट्टा अंगठ्याने दाबून बघा, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरपेक्षा जास्त आत गेला तर ढिला. तोच पट्टा पाण्याचा पंप आणि डायनॅमोही फिरवायचा. त्यामुळे चार्जिंगचा लाल दिवा लागला आणि पाठोपाठ काटा वर गेला, तर बॉनेट उघडायच्या आधीच निदान झालेलं असायचं.

गंमत म्हणजे पट्ट्याची ही सद्दी संपवण्यात याच जियाकोसाचा मोठा हात. त्याने इंजिन आडवं बसवलं, पुढची चाकं ओढायला लावली. इंजिन आडवं झालं की त्याची पुली बाजूला तोंड करते आणि रेडिएटर राहतो समोर. मग पट्ट्याने पंखा फिरवायचा कसा? १९६९ च्या फियाट १२८ मध्ये विजेचा पंखा आला. पाणी तापलं की स्विच त्याला चालू करणार, निवलं की बंद. इंजिनाच्या वेगाशी संबंधच नाही. भारतात ही मांडणी घराघरांत पोचवली १९८३ च्या मारुती ८०० ने. तोवर जियाकोसाचं जुनं इंजिन इथे चालूच होतं, आणि पुढेही बरीच वर्षं चाललं. एकाच माणसाच्या दोन पिढ्या एकाच रस्त्यावर!

आता निदान बदललं. गाडी सिग्नलला तापते आणि हायवेला निवते, तर आधी पंख्यावर संशय घ्यायचा. फ्यूज बघा. मग थर्मोस्विचची पिन काढून, चावी चालू ठेवून, वायरीची दोन टोकं जोडा (जुन्या, दोन वायरींच्या स्विचवरच हे चालतं, आणि बोटं पात्यांपासून लांब). पंखा फिरला तर स्विच गेलाय, किंवा स्विचपर्यंत गरम पाणीच पोचत नाहीये. नाही फिरला तर रिले, वायरिंग किंवा मोटर. उलट, पंखा नीट असून हायवेलाच तापत असेल, तर रेडिएटर चोंदलाय, थर्मोस्टॅट अडकलाय किंवा पंप दमलाय. आणि गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असतं, झाकण सुटलं की तोंडावर उसळतं.

म्हणजे आमच्या मिस्त्रीने जे केलं ती खरं तर चाचणी होती. ती त्याने कायमची दुरुस्ती म्हणून ठेवली. आमच्या धंद्यात याला एक्सेप्शन गिळणं म्हणतात. स्विचवर आणि रेडिएटरच्या नळ्यांत आमच्याच बोअरच्या पाण्याचा खार साचत होता. वर्षानुवर्षं कूलंटऐवजी तेच भरलं होतं ना! डायरेक्ट पंख्याने ते झाकलं. शिवाय पंखा सारखा चालू, हिवाळ्यात पहाटेसुद्धा, त्यामुळे मोटरचे कार्बन ब्रश झिजत गेले. दीड वर्षाने एका दुपारी, परत सात रस्त्यालाच, पंखा गप्प झाला. काट्याकडे बघायची सवय बाबांना उरलीच नव्हती. वाफ दिसली तेव्हा हेड गॅस्केट गेलेलं होतं, हेडही वाकलं होतं. नवीन स्विचच्या कितीतरी पट बिल झालं, आणि गाडी तीन आठवडे गॅरेजात.

यावेळी रेडिएटर उघडून साफ करून घेतला, मोटर नवी, स्विच नवा, पाण्याच्या जागी कूलंट. मिस्त्री तोच. निघताना म्हणाला, "डायरेक्ट नको ना?" बाबा काही बोलले नाहीत. बॉनेट उघडं, इंजिन चालू ठेवून आम्ही तिघं उभे. काटा अर्ध्याच्या जरा वर गेला तसा पंखा खर्रर्र करत सुरू झाला, दोनेक मिनिटांनी आपणहून थांबला. बाबा म्हणाले, "अजून एकदा होऊ दे," म्हणून आम्ही परत वाट बघत उभे राहिलो.